विश्लेषण : कॅम्पर ट्रकवर टीव्हीची छत्री… छतावर की जमिनीवर?

जुना ट्रक किंवा टेम्पो घ्यायचा, मागच्या हौद्यावर बंदिस्त बॉडी चढवायची, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि घरच्यांना घेऊन निघायचे. अशा फिरत्या घरांचे वेड आपल्याकडेही रुजू लागले आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. यूट्यूबवर तर रोज कोणी ना कोणी आपल्या गाडीचे 'घर' दाखवत असते. बॉडीचे काम संपत आले की फॅब्रिकेटर ठरलेला प्रश्न विचारतो : टीव्हीची छत्री कुठे बसवायची? उत्तरही ठरलेलेच असते. घरी गच्चीवर असते, म्हणजे इथे छतावर. हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे ठरते, आणि चूक फक्त चित्र न दिसण्यापुरती राहत नाही. छत गळू लागते, कधी जिवावरही बेतू शकते.

मोबाइल असताना छत्री हवीच कशाला?

जिथे फोर-जी किंवा फाइव्ह-जीची रेंज चांगली आहे तिथे नकोच. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करा, टीव्हीला जोडा, काम झाले. पण ट्रकला घर बनवणारी मंडळी मुक्कामासाठी नेमकी रेंज नसलेलीच जागा शोधतात. सह्याद्रीतली एखादी दरी, धरणाच्या मागची बाजू, कच्छचे रण, लडाख.

दरीत मोबाइल बंद पडतो, कारण टॉवर डोंगराच्या पलीकडे असतो. छत्रीचे तसे नाही. तिला पाहायचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे आणि महाराष्ट्रातून तो क्षितिजाच्या वर जवळपास ६० अंशांवर दिसतो. समोरचा डोंगर इतका उंच क्वचितच चढतो. त्यामुळे फोनला एक काडीही येत नसलेल्या ठिकाणी छत्रीवर बातम्या स्वच्छ दिसतात.

याचे महत्त्व मनोरंजनापलीकडचे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वीज आणि मोबाइल सेवा अनेक गावांत दिवसेंदिवस बंद होती. जवळच्या टॉवरवर अवलंबून नसलेले बातम्यांचे साधन अशा वेळी उपयोगी पडते. बॅटरी शाबूत असली म्हणजे झाले.

त्यातही फिरत्या घरासाठी सोयीची सेवा म्हणजे प्रसारभारतीची डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ती सुरू झाली. मासिक शुल्क नाही, रिचार्ज नाही. बॉक्स आणि छत्री एकदा घेतली की झाले. सह्याद्री वाहिनी त्यावर आहे, आकाशवाणीही ऐकू येते. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचे प्रक्षेपण २००७ च्या कायद्यानुसार प्रसारभारतीला द्यावे लागते, त्यामुळे काही क्रिकेट सामनेही दिसतात. सगळे नाहीत. आयपीएलच्या भरवशावर कोणी फ्री डिश घेऊ नये.

ऑनलाइन मिळणारी चपटी अँटेना का चालत नाही?

परदेशी व्हिडीओंमध्ये कॅम्परच्या छतावर बशीसारखी किंवा पंख्यासारखी छोटी अँटेना दिसते. खिडकीला चिकटवायची कागदासारखी अँटेनाही दिसते. आपल्याकडेही ती ऑनलाइन मिळते आणि मागवणारे पुष्कळ आहेत. घरी आणल्यावर एकही वाहिनी लागत नाही, आणि दोष टीव्हीला दिला जातो.

ही अँटेना जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून येणारे प्रक्षेपण पकडते. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये असे डिजिटल प्रक्षेपण सर्वदूर आहे. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी कॅम्पर घेतला तर त्यांना तीच अँटेना योग्य. भारतात मात्र दूरदर्शनने आपले जुने ॲनालॉग मनोरे टप्प्याटप्प्याने जवळपास सगळे बंद केले. गच्चीवरची माशाच्या सांगाड्यासारखी ॲल्युमिनियमची अँटेना आठवत असेल, तिचे दिवस त्यासोबत संपले. काही मोठ्या शहरांत जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले होते, पण शहराबाहेर मुक्काम करणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

थोडक्यात, भारतात ट्रकवर टीव्ही हवा तर छत्रीला पर्याय नाही. ही छत्री मोठी हट्टी असते. तिला आकाशातला एकच बिंदू हवा असतो.

छत्री नेमकी कुठे बघते?

फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. पृथ्वीसोबतच फिरत असल्याने तो आपल्याला आकाशात स्थिर भासतो. गुवाहाटी जवळपास त्याच रेखांशावर आहे, म्हणून तिथली छत्री थेट दक्षिणेकडे तोंड करते. आपण पश्चिमेला आहोत, त्यामुळे आपल्याला तो आग्नेयेला दिसतो.

पुण्यातून ही दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजली तर सुमारे १३२ अंश येते आणि उंची ५९ अंश. मुंबईहून १३१ आणि साडेसत्तावन्न, पणजीहून १२७ आणि ६१, नागपूरहून १४४-१४५ आणि ६०. या आकड्यांत प्रवाशाच्या कामाची एक गोष्ट दडली आहे. नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत आणि मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत उंचीचा कोन ५७ ते ६२ अंशांच्या आतच राहतो. म्हणजे राज्यातल्या राज्यात फिरताना छत्रीचा वर-खाली कोन एकदा नीट बसवला की तो बोल्ट घट्ट करून ठेवायचा. पुढच्या मुक्कामी छत्री फक्त डावी-उजवीकडे फिरवायची, आणि लागलाच तर उंचीला एखाद-दोन अंशांचा हात द्यायचा. अर्धे काम तिथेच वाचते. लांब गेलात तर मात्र दोन्ही बदलतात : लेहमध्ये १५३ आणि ४७, कन्याकुमारीला ११६ आणि ६९.

डीटीएच कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी आहेत. टाटा प्लेचा ८३ अंशांवर, एअरटेलचा १०८.२ अंशांवर. त्यांची छत्री असेल तर वरचे आकडे लागू नाहीत.

आता हट्टीपणाबद्दल. घरगुती ६० सेंटिमीटरच्या छत्रीची 'नजर' सुमारे तीन अंश रुंद असते. मध्यापासून दीड अंश सरकली की सिग्नल निम्म्यावर येतो, आणखी थोडी सरकली की चित्र फुटते, मग जातेच. हात लांब करून धरलेल्या दोन बोटांची जाडी साधारण इतकी भरते.

मग छतावर का नको?

पहिले कारण यातच आहे. घर जागेवरून हलत नाही, ट्रक हलतो. आज त्याचे तोंड समुद्राकडे, उद्या देवळाच्या भिंतीकडे. छतावर पक्की बसवलेली छत्री गाडीसोबत फिरते, म्हणून प्रत्येक मुक्कामी वर चढून ती पुन्हा लावावी लागते. जमीन उतरती असेल तर उंचीचा कोनही बिघडतो. शिवाय गाडी कमानीच्या पाट्यांवर उभी असते. आत कोणी उठून बाथरूमला गेले तरी ती किंचित झुलते, आणि सिग्नल काठावर असेल तर ऐन षटकात चित्र गोठते.

दुसरे कारण सावलीचे. मे महिन्यात कोकणात कोणीही ट्रक आमराईत, झाडाखालीच लावणार. छत्रीला झाड चालत नाही. पाने, त्यातही ओली पाने, सिग्नल खातात. छत्री छतावर असेल तर गाडी उन्हात लावा नाही तर टीव्ही विसरा. ती वेगळी असेल तर ट्रक सावलीत आणि छत्री मोकळ्यावर ठेवता येते. अंदाजासाठी हिशेब सोपा आहे. महाराष्ट्रात आग्नेयेला १० मीटर उंच झाड असेल तर छत्री त्याच्यापासून सहा मीटर दूर हवी. लेहमध्ये त्याच झाडापासून साडेनऊ मीटर.

तिसरे कारण वाऱ्याचे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर ६० सेंटिमीटरची छत्री समोरून उभी राहिली तर तिच्यावर साधारण १० किलोचा रेटा सतत येतो. समोरून वारा असेल तर आणखी. त्यात खड्ड्यांचे धक्के. स्टँडचा पाया ज्या पत्र्यावर बसवला आहे तो हळूहळू ढिला होतो, बोल्टभोवतीचे सिलिकॉन तडकते आणि पहिल्या पावसात पाणी आत येते. हे पाणी लगेच दिसत नाही. पत्र्याखालच्या इन्सुलेशनमध्ये आणि प्लायमध्ये मुरते. गादीवर थेंब पडेपर्यंत प्लाय फुगलेला असतो. ट्रकचे छत दुरुस्त करणे हे गच्चीला डांबर लावण्याइतके सोपे नाही, अख्खी आतली पॅनलिंग उतरवावी लागते.

चौथे कारण सगळ्यात गंभीर आहे, आणि फॅब्रिकेटरच्या गप्पांत ते क्वचितच निघते. विजेच्या तारा.

विजेच्या नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणारी कमी दाबाची उघडी तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि उच्च दाबाची ६.१ मीटर उंच हवी. पण कॅम्पिंगवाले रस्त्यावर थांबत नाहीत. ते शेताच्या बांधावर, माळावर, तलावाकाठी थांबतात. रस्त्याच्या बाहेर ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेला किमान उंची ४.६ मीटर चालते. उन्हाळ्यात तार तापून आणखी लोंबते, आणि जुने खांब कललेले असतात ते वेगळेच.

आता ट्रकचे छत तीन मीटर धरा. त्यावर उभ्या असलेल्या माणसाने हात वर केला की बोटे पाच मीटरवर जातात. हातात लोखंडी पाइप किंवा छत्री असेल तर आणखी वर. ११ हजार व्होल्टच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श होण्याचीही गरज नसते. पुरेसे जवळ गेले तरी ठिणगी उडी मारू शकते. संध्याकाळची वेळ, मॅच सुरू व्हायला पाच मिनिटे, सगळ्यांचे लक्ष खाली टीव्हीकडे, 'अजून थोडी उजवीकडे फिरव' अशी आरडाओरड, आणि छतावरचा माणूस मागे मागे सरकतो आहे. छत्री छतावर नको म्हणण्याला हे एक कारणही पुरेसे आहे.

गाडी चालवताना छताच्या वर काही उभे राहिले असेल तर फाटकाजवळचे उंचीचे आडवे गज, बोगदे, पुलाखालचे रस्ते, गावातल्या कमानी आणि आडव्या केबल हेही आहेच.

आरटीओचे काय?

छत्रीपेक्षा मोठा प्रश्न मुळात बॉडीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची उत्पादकाची मूळ माहिती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. मालवाहू ट्रकचे घर करणे हा असाच फेरफार आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्यामुळे बॉडीला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन नोंदणीचा मार्ग विचारून घ्यावा. छतावर पक्की चौकट वेल्ड करून गाडीची उंची वाढवणार असाल तर तेही तेव्हाच विचारा. तिपाईवरची, उचलून ठेवता येणारी छत्री हा प्रश्नच उभा करत नाही.

मग लावायची कशी?

सामान फार नाही. ६० किंवा ७५ सेंटिमीटरची छत्री, घडीची लोखंडी तिपाई, एलएनबी, बॉक्स आणि आरजी-६ जातीची १५ मीटर केबल. ट्रकच्या बाजूच्या पत्र्यात, पावसाचे पाणी थेट येणार नाही अशा जागी, झाकण असलेले एक सॉकेट बसवून घ्यावे. तिथून आतली केबल टीव्हीपर्यंत कायमची. छताला भोक पाडायची वेळच येत नाही. केबल सॉकेटला लावताना खाली एक झोल सोडावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून सॉकेटमध्ये न जाता झोलाच्या तळाशी गळून जाते.

मुक्कामी पोहोचल्यावर आधी वर बघायचे. तारा कुठे आहेत, झाड कुठे आहे. मग तिपाई सपाट जागी ठेवून तिचा उभा पाइप खरोखर ओळंब्यात आहे की नाही ते पाहायचे. हे काम बहुतेक जण सोडून देतात आणि मग अर्धा तास छत्री फिरवत बसतात. पाइप तिरका असेल तर छत्री फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि उपग्रह कधीच सापडत नाही. फोनमधल्या लेव्हलने दोन बाजूंनी तपासले की पुरे. माती भुसभुशीत असेल तर पायांखाली फळ्या द्या. तिपाईच्या मध्यभागी पाण्याचा २० लिटरचा कॅन टांगला की वाऱ्याची चिंता कमी होते.

दिशा फोनच्या होकायंत्राने घ्यायची, पण ट्रकपासून चांगली दहा-बारा पावले दूर जाऊन. लोखंडाच्या एवढ्या मोठ्या ढिगाशेजारी होकायंत्र सहज दहा-वीस अंश खोटे बोलते. दूर उभे राहून १३२ अंशांवर एखादे झाड किंवा कौलारू घर खूण म्हणून हेरायचे आणि मग छत्रीचे तोंड तिकडे करायचे.

छत्रीकडे बघून फसायला होते ते उंचीच्या बाबतीत. घरगुती छत्रीत एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. उपग्रह ५९ अंशांवर असला तरी छत्रीचा चेहरा उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशच मागे कललेला हवा. बनावटीनुसार दोन-चार अंश इकडेतिकडे. नवखा माणूस ती आकाशाकडे फार उताणी करतो.

मग बॉक्सच्या मेनूतले सिग्नलचे पान उघडायचे. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थवर विश्वास ठेवू नका. केबल आणि एलएनबी जोडलेले असले की ती काही ना काही दाखवतेच. क्वालिटी हलली की उपग्रह सापडला. छत्री अगदी सावकाश, एका वेळी अंशभर फिरवायची आणि दोन-तीन सेकंद थांबायचे, कारण बॉक्सला ओळखायला तेवढा वेळ लागतो. झरझर फिरवणारा उपग्रहावरून पुढे निघून जातो आणि त्याला कळतही नाही.

क्वालिटी आली म्हणजे जिंकलो, असेही नाही. ९५ अंशांवर, म्हणजे अवघ्या दीड अंशावर, शेजारी दुसरा उपग्रह आहे. छत्रीची नजर तीन अंशांची, म्हणून शेजाऱ्याला पकडणे सहज घडते. वाहिन्या शोधल्यावर यादी मोठी आली पण बहुतेक बंद, पैसे भरा म्हणणाऱ्या निघाल्या, तर छत्री शेजाऱ्याकडे बघते आहे. तिला किंचित उजवीकडे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला फिरवा. शेवटी एलएनबी त्याच्या कड्यात थोडा डावा-उजवा वळवून क्वालिटी सर्वांत जास्त कुठे येते ते बघायचे. घरी हे तंत्रज्ञ एकदाच करतो. प्रवासात ठिकाणानुसार हा कोनही बदलतो. पहिल्यांदा तासभर लागेल, चौथ्या मुक्कामी दहा मिनिटे.

एक पथ्य. बॉक्स केबलमधूनच एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. बॉक्स चालू असताना केबल काढू-घालू नका. पिनची तार बाजूच्या जाळीला टेकली तर बॉक्स जाऊ शकतो.

वीज किती लागते?

२४ इंची एलईडी टीव्ही आणि बॉक्स मिळून साधारण ४० वॉट. १२ व्होल्टच्या बॅटरीतून चार तासांना १३-१४ ॲम्पिअर-तास जातात. हे गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीतून घेऊ नका. जुनी बॅटरी असेल तर रात्रीचा सामना संपेपर्यंत तिचा जीव जातो आणि सकाळी रानात स्टार्टर नुसता टकटक करतो. घरासाठी वेगळी बॅटरी हवी.

ट्रकवाल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. मध्यम आणि जड ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, इंजिन चालू असताना ती २८ पर्यंत जाते. बहुतेक सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो. थेट जोडला की संपला. मध्ये २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर आणि फ्यूज हवाच. अडॅप्टरच्या मागचा आकडा वाचून मगच जोडा.

आपोआप फिरणारी छत्री कशी?

बटण दाबले की स्वतः उपग्रह शोधणारी, गाडी थांबताच उघडणारी छत्री परदेशात मिळते. चालत्या गाडीत घुमटाखाली फिरत राहणारीही असते. महाग आहे, पण खरी अडचण वेगळी : तिच्या स्मरणात उपग्रहांची यादी युरोपची असते. ९३.५ अंश पूर्व त्यात आहे किंवा भरता येते, याची लेखी खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ती छतावरच बसते, म्हणजे भोके, गळती आणि उंचीचा प्रश्न परत आलाच. आठवड्याला दोन मुक्काम करणाऱ्यासाठी तिपाईच बरी.

पावसाळ्यात कोणतीही छत्री असो, मुसळधार सरीत चित्र जाणार. या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. मोठी छत्री थोडा आधार देते, इतकेच. सर ओसरली की चित्र आपोआप परत येते, छत्रीला हात लावायला भर पावसात बाहेर जाऊ नये. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या दुपारी गडगडाट ऐकू आला की आधी बॉक्स बंद करा, बाजूच्या सॉकेटमधून केबल काढा आणि आत जाऊन दार लावून घ्या. उघड्या माळावर लोखंडी तिपाईशेजारी उभे राहण्याची ती वेळ नव्हे.